बाबांनी जिंकवलेलं बेल्जियम

आमच्या धर्मात देवाची मूर्ती नसते, नाहीतर त्या रात्री बाबांनी देव पाण्यात घातले असते. मूर्ती नव्हती म्हणून ते नुसतेच अल्बाझांच्या हिरव्या सोफ्यावर मांडी घालून बसले होते. डोळे टीव्हीवर होते, ओठ हलत होते, आणि आपला देश हरावा म्हणून ते आमच्या एलियाहू हनबी प्रेषिताला विनवत होते. शेजारी, मध्ये एक उशी सोडून, मसूदाबाई अल्बाझ बसल्या होत्या. त्याही तेच मागत होत्या, फक्त अरबीत. पॅरिसला युरोपभरच्या गाण्यांची स्पर्धा चालली होती. तिकडे अख्खा इस्रायल आपलं गाणं पहिलं यावं म्हणून जीव मुठीत धरून बसला होता. ते पहिलं येऊ नये असं वाटणारी माणसं देशात दोनच असतील, तर ती दोन्ही एकाच सोफ्यावर बसली होती, आणि त्याला कारण मी होते.

ही गोष्ट १९७८ सालची. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी. आमचे पूर्वज अलिबागकडे तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवारतेली म्हणत. बाबा, म्हणजे हनोख झिराडकर, मुंबईला रेल्वेत होते. मी आठ वर्षांची असताना आईला आणि मला घेऊन ते इस्रायलला आले. सरकारने आम्हाला नेगेवच्या वाळवंटातल्या एका नव्या गावात, तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलं. समोरच्या दारात मोरोक्कोहून आलेले यहुदी, अल्बाझ होते. पंधरा वर्षं दोन्ही घरं जिन्यात भेटली की ‘शालोम’ म्हणायची आणि दार लावून घेतल्यावर आपापल्या भाषेत उरलेलं बोलायची. बाबांना त्यांचा आरडाओरडा सहन व्हायचा नाही, त्यांना आमच्या फोडणीचा वास.

अल्बाझांचा मुलगा प्रॉस्पर गावातली बस चालवायचा. मी, केतुरा, कापडगिरणीच्या ऑफिसात टाइपिस्ट होते. आमच्या इमारतीसमोर थांबा नसताना बस थांबायला लागली, तेव्हा गावाला कळायचं ते कळलं. आईला कळायला आणखी महिना गेला. बाबांना आणि मसूदाबाईंना सगळ्यांत शेवटी कळलं, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. मसूदाबाईंनी मुलासाठी स्वतःची भाची हेरून ठेवली होती. बाबांचं म्हणणं त्याहून थोडक्यात होतं. आमच्या लोकांतला कोणीही चालेल, लंगडा चालेल, टकल्या चालेल, बाहेरचा नको. का नको, असं विचारलं की ते पेपर उघडून बसायचे.

जानेवारीत आईचं ऑपरेशन नीट पार पडलं म्हणून घरी मलिदा होता. मलिदा म्हणजे गोडे पोहे, ओलं खोबरं, वेलची आणि पाच तऱ्हेची फळं. नवस फेडायचा तो एलियाहू हनबीच्या नावाने, असं तबक मांडून. आमची माणसं जमली होती. प्रार्थना चालवायला एझ्राकाका होते, आमच्या सिनेगॉगचे हझान. प्रार्थना संपली, बाबा तबकात हात घालून प्रसाद वाटायला लागले, आणि हाच मुहूर्त आईने साधला. चारचौघांत नाही म्हणता येणार नाही असा तिचा हिशेब होता. ती म्हणाली, प्रॉस्परबद्दल आज काय ते सांगून टाका.

बाबांना सगळ्यांसमोर चिडताही येईना. ते हसत म्हणाले, “आपला देश त्या युरोपच्या गाण्यात पहिला येईल ना, त्या दिवशी देईन पोरगी.”

सगळे पोट धरून हसले. आमच्या देशाचा त्या स्पर्धेतला इतिहास लहान पोरांनाही पाठ होता. पहिल्या वर्षी चौथे आलो तेव्हा पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. मग सातवे, मग अकरावे, एकदा चुकून सहावे आणि मागच्या वर्षी परत अकरावे. देश पहिला येईल तेव्हा म्हणजे कावळा पांढरा होईल तेव्हा, हे मलाही कळलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. एझ्राकाका तेवढे हसले नव्हते. ते म्हणाले, “हनोख, बोलताना तुझा हात तबकात होता.”

मलिद्याच्या तबकात हात असताना दिलेला शब्द म्हणजे नवस, असं आमच्याकडे मानायचे. बाबांनी हात काढला, पण आता त्याचा उपयोग नव्हता. तरी त्यांना काळजी वाटली नाही. पुढे आमच्या देशाचं त्या वर्षीचं गाणं रेडिओवर लागलं तेव्हा तर ते निर्धास्तच झाले. आपली पोरं ‘च’च्या भाषेत बोलतात ना, तसल्याच पोरांच्या भाषेवर ते गाणं होतं. असल्या गाण्याला फार तर अकरावा नंबर, असं म्हणून बाबांनी रेडिओचा आवाज स्वतः वाढवला. मसूदाबाईंनाही ही अट कुठूनतरी कळली होती आणि भारी आवडली होती. त्यांनी प्रॉस्परला सांगून टाकलं, माझीही तीच अट समज.

स्पर्धेच्या रात्री पेसाहच्या सणाचा पहिला दिवस नुकताच संपला होता. इमारतीत चांगला टीव्ही अल्बाझांकडेच होता. बाबा पंधरा वर्षांत त्या घराचा उंबरा चढले नव्हते, पण हरलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघायला म्हणून चढले. प्रॉस्पर अँटेना हातात धरून टीव्हीशेजारी उभा होता, कारण त्याने सोडली की चित्र जायचं. मी आईबरोबर दाराशी उभी होते. एकेका देशातून फोन यायचा आणि तिथले परीक्षक गुण सांगायचे. सुरुवातीला आमच्या वाट्याला कमी गुण आले की सोफ्यावर समाधानाचे दोन उसासे निघायचे, एक मराठी आणि एक अरबी. मसूदाबाईंनी बाबांपुढे अक्रोडांची बशी सरकवली. बाबांनी घेतलासुद्धा एक.

मग बारा गुण आले. बाराच्या वर गुण नसतात. पुढच्या देशाने परत बारा दिले, त्याच्या पुढच्यानेही दिले. बारांची रांगच लागली. बाबांचा अक्रोड तोंडातच राहिला. मसूदाबाईंनी मधली उशी उचलून छातीशी धरली. खालच्या मजल्यावरून ओरडण्याचे आवाज यायला लागले आणि बाबा मला म्हणाले, “ह्यांना काही काळवेळ आहे की नाही?”

आम्ही जिंकलो हे पक्कं झालं तेव्हा प्रॉस्परने आनंदाने अँटेना सोडली आणि सरळ माझ्याकडे धावला. चित्र गेलं. बाबांनी झडप घालून टीव्हीचं बटण फिरवलं आणि नदीपलीकडच्या अरब राज्याचं चॅनल लागलं. आमच्या गावात ते छान दिसायचं. तेही स्पर्धा दाखवत होते, पण आम्ही जिंकतोय म्हटल्यावर त्यांनी कार्यक्रम बंद करून फुलांचं चित्र लावलं होतं. रस्त्यावर माणसं नाचत होती, गाड्यांचे भोंगे वाजत होते, कोणी तरी भांडी बडवत होतं. बाबा आणि मसूदाबाई शेजारी शेजारी बसून एकटक त्या फुलांकडे बघत होते. बाबांसारखा देशभक्त माणूस शत्रूच्या फुलांकडे इतक्या भक्तीने बघेल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. मसूदाबाई होत्या. आमच्या दारात त्या पहिल्यांदाच उभ्या होत्या, घरातल्या चपलांवर आणि धापा टाकत. नदीपलीकडच्या अरबी बातम्या त्यांनी नुकत्याच ऐकल्या होत्या. त्यांनी बाबांचा दंड धरला आणि मोडक्या हिब्रूत म्हणाल्या, “झिराडकर, बेल्जियम जिंकलं.”

त्या राज्याला आमचं नाव घ्यायची इच्छा नव्हती, म्हणून त्यांनी दुसऱ्या नंबरावर आलेल्या बेल्जियमला पहिलं करून टाकलं होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. बाबांना तर अख्खा देश सापडला. देश पहिला आला तर मुलगी देईन म्हटलं होतं, आता देशच पहिला आला नाही म्हटल्यावर नवस कसला? मी पेपर दाखवला. ते म्हणाले, पेपरवाले काय, सरकार सांगेल ते छापतात. आई म्हणाली, अहो, ते लोक आपले शत्रू आहेत. बाबा म्हणाले की म्हणूनच तर, त्यांना आपली भीड नाही.

आठवडाभर दोघांनी हा धंदा मांडला. रोज सकाळी बाबा समोर जाऊन बसायचे, मसूदाबाई अरबी बातम्या ऐकायच्या आणि त्यांना हिब्रूत सांगायच्या. दोघांचीही हिब्रू अशी की शिक्षकाने ऐकली असती तर नोकरी सोडली असती. पण एकमेकांचं त्यांना झकास समजायचं. ज्या पुदिन्याच्या चहाला बाबा काढा म्हणायचे, त्याचे ते आता पेल्यावर पेले रिचवायला लागले. मसूदाबाईंनी त्यांना आपल्या गुडघ्याचं दुखणं सांगितलं. बाबांनी त्यांना रेल्वेतले किस्से सांगितले. तिकडे आमचं लग्न मोडायची खटपट चालू आहे हे विसरून मीसुद्धा दाराआडून हसत होते. प्रॉस्पर मात्र हसत नव्हता. तो म्हणाला, ह्यांची अशीच गट्टी जमत गेली तर आपण म्हातारे होऊ.

पेसाह संपतो त्या संध्याकाळी मोरोक्कोचे लोक मिमूना करतात. दार सताड उघडं ठेवायचं, येईल त्याला गरम मुफलेता, म्हणजे पातळ पोळ्या, लोणी आणि मध लावून खायला घालायच्या. प्रॉस्परने गुपचूप एझ्राकाकांना बोलावून आणलं. एझ्राकाका आले, बसले, आधी दोन मुफलेता खाल्ल्या आणि मग मराठीत म्हणाले की हनोख, तबकात हात घालून बोलला होतास, त्याचं काय झालं?

“काय व्हायचं? बेल्जियम पहिलं आलं.”

“कोण म्हणतं?”

“ह्या मसूदाबाई म्हणतात. स्वतःच्या कानांनी ऐकलंय त्यांनी. खोटं बोलणारी बाई नाही ती.”

एझ्राकाकांनी तिसरी मुफलेता घेतली. “म्हणजे आपला रेडिओ खोटा, पेपर खोटे, रस्त्यावर नाचलेलं गाव खोटं. खरी काय ती ही एकटी.”

“एकटी.”

“मग एवढ्या खऱ्या बाईच्या घरात पोरगी द्यायला तुझं काय जातं रे?”

खोलीतल्या मराठी समजणाऱ्या सगळ्यांचे हात ताटातच थांबले.  मला वाटलं, आता ते उठून जातील. पण ते तसेच बसून राहिले आणि मग खाली बघत, कुणालाच उद्देशून नाही असं, रिवकाआत्याबद्दल बोलायला लागले.

रिवकाआत्या बाबांची धाकटी बहीण. आम्ही आलो त्याच्या पुढच्या वर्षी तिचं लग्न एका इराकी यहुदी मुलाशी ठरलं होतं, ते मोडलं, एवढंच मला माहीत होतं. कसं मोडलं ते त्या संध्याकाळी कळलं. त्या काळात वरच्या धर्मगुरूंचा हुकूम होता की बेने इस्रायल खरे यहुदी आहेत का, याची मुलीच्या आईच्या, आजीच्या, पणजीच्या पिढ्यांपर्यंत चौकशी केल्याशिवाय दुसऱ्या यहुद्यांशी त्यांचं लग्न लावायचं नाही. त्या हुकमाविरुद्ध आमच्या लोकांनी पुढे मोठी चळवळ केली, यरुशलेमला उपाशी बसले, आणि तो रद्द करायला लावला. पण आत्याचं लग्न त्याच्या आधीचं. लग्नाची नोंद करायला बाबा तिच्याबरोबर गेले. टेबलापलीकडच्या माणसाने आईकडची नावं विचारली. बाबांनी आईचं नाव सांगितलं, आजीचं सांगितलं. पणजीचं त्यांना आठवलं नाही.

“मला आठवलं नाही,” बाबा म्हणाले. “दोन हजार वर्षं आम्ही शनिवार पाळला आणि मला एका म्हातारीचं नाव आठवलं नाही. तो मुलगा परत आलाच नाही. आता ही पोरगी कुठल्या टेबलापुढे उभी राहायला नको मला. आपल्यातला नवरा असला की कोणी काही विचारत नाही.”

मला बाबांचा आठवडाभर राग आला होता. त्या क्षणी तो गेला. मसूदाबाई एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे बघत होत्या. तो काय म्हणतोय, त्यांनी मला विचारलं. इतका वेळ मी मला सोयीचं तेवढंच भाषांतर करत होते. ह्या वेळी मी शब्दन् शब्द सांगितला.

त्यांनी लोण्याची सुरी पुसून खाली ठेवली. मग म्हणाल्या, “आम्ही बोटीवरून उतरलो तेव्हा आमच्या डोक्यावर उवा मारायची पावडर फवारली. माझ्या सासऱ्यांच्या दाढीवर फवारली. मला ही मुलगी सून म्हणून नको आहे, कारण ती काटकुळी आहे, तिला स्वयंपाक येत नाही आणि ती उलट बोलते. दुसरं कुठलंही कारण माझ्या घरात कोणी काढायचं नाही.”

मी ते मराठीत सांगितलं. बाबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “ही कारणं मात्र बरोबर आहेत.”

लग्न ठरलं ते असं. नवस फिटला म्हणा, की बेल्जियम हरलं म्हणा. पण त्यानंतर मसूदाबाईंनी जे सुरू केलं, त्याने माझं डोकं फिरलं. मला स्वयंपाक शिकवायचा म्हणून त्या रोज संध्याकाळी बोलवायच्या आणि रव्याचं कुसकुस चाळता चाळता विचारायच्या, तुझ्या आईची आई कोण? कुठल्या गावची? तिची आई? मी सांगितलं की परत म्हणायला लावायच्या. माहीत नसलं तर म्हणायच्या, आईला विचारून ये. आईने मुंबईला मावशीकडे विचारून पाठवलं. तोंडाने मोठमोठ्या गोष्टी केल्या आणि आता स्वतःच चौकशीला बसली, असं मला वाटलं. मी प्रॉस्परशी भांडले, लग्न मोडते म्हणाले. आई म्हणाली, विचारू दे, आपल्याला काय लपवायचंय? मी दात-ओठ खात उत्तरं देत राहिले.

उन्हाळ्यात आम्ही नोंद करायला गेलो. प्रॉस्पर आणि मी, बाबा आणि मसूदाबाई. टेबलापलीकडे एक तरुण कारकून होता. हुकूम रद्द होऊन चौदा वर्षं झाली होती, त्याने तो शाळेत असतानाही ऐकला नसेल. पण त्याने आमचं आडनाव वाचलं आणि मान वर केली. झिराडकर म्हणजे भारतातले का, त्याने विचारलं. बाबा हो म्हणाले. मग तो अगदी नम्रपणे म्हणाला की मुलीच्या आईकडची नावं सांगता का, काही नाही, आपली रीत म्हणून.

बाबांनी खुर्चीची पाठ धरली. मला सगळी नावं येत होती, महिनाभर तीच घोकत होते, पण बाबांचा चेहरा बघून माझा आवाजच फुटेना. 

तेवढ्यात मसूदाबाईंनी आपली भलीमोठी पिशवी धपकन टेबलावर ठेवली आणि उभ्या राहिल्या. डोळे मिटून, प्रार्थना म्हणावी तशा लयीत त्यांनी सुरुवात केली. “केतुरा दीनाची. दीना मिल्काची, पोयनाडची. मिल्का हन्नाबाईची, रेवदंड्याची. हन्नाबाई रहमाबाईची, नवगावची. रहमाबाईच्या आईचं नाव कोणाला माहीत नाही, पण ती शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावायची आणि शनिवारी चूल पेटवायची नाही. आणखी काय हवंय?”

मोरोक्कोच्या अरबी उच्चारात मी माझ्या पणजीचं नाव ऐकलं. ह्यासाठी ही बाई महिनाभर कुसकुस चाळत बसली होती. मी तिच्याबद्दल काय काय बोलले होते ते आठवून मला तिथेच रडू फुटलं.

कारकून गोंधळला. कागद बघत म्हणाला, “पण बाई, तुम्ही तर मुलाची आई ना? मी मुलीकडच्यांना विचारत होतो.”

“मी मुलीकडचीच आहे,” मसूदाबाई म्हणाल्या. “मुलाकडचे हे उभे आहेत. काय विचारायचं ते विचार त्यांना.” आणि त्यांनी बाबांकडे बोट दाखवलं.

कारकुनाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी खुर्चीची पाठ सोडली. शर्ट नीट केला, एकदा मसूदाबाईंकडे बघितलं, एकदा प्रॉस्परकडे, आणि त्या टेबलासमोर ताठ उभे राहून आपल्या मोडक्या हिब्रूत म्हणाले, “हो. मुलगा आमचा आहे. लिहा.”

कारकुनाने लिहून घेतलं.